गॅलरीतून दिसणारं जहाज

४ मे, रविवार

आज जहाज वळलंच नाही. म्हणजे फोन नाही!

सकाळपासून गॅलरीत किती खेपा झाल्या देव जाणे. नांगर टाकलेलं जहाज वाऱ्याबरोबर, भरती-ओहोटीबरोबर नांगराभोवती फिरत राहतं. धनंजयच्या केबिनची बाजू इकडे, फुजैराच्या किनाऱ्याकडे आली की त्याच्या मोबाइलला रेंज मिळते. नाही आली तर नाही. नवरा-बायकोने बोलायचं की नाही हे सध्या वारा ठरवतो.

दिसतं मात्र रोज. तेलाच्या दोन पांढऱ्या टाक्यांच्या मधून, थेट समोर. बाकीच्या जहाजांपेक्षा जास्त गंजलेलं, म्हणून लगेच ओळखू येतं. तो लांब ब्राझीलला वगैरे असता तर इतका राग आला नसता. समोर दिसतो आणि हाताला लागत नाही, याचा येतो.

५ मे

आज दुसऱ्या एका जहाजावरची फिलिपिनो पोरं उतरवली. एकाने जाताना चॉकलेट दिलं. "थँक यू मॅम, यू सेंट मी होम."

माझं कामच ते. शिपिंग एजन्सीत क्रू-चेंज डेस्क. कोण चढणार, कोण उतरणार, कुणाचा व्हिसा, कुणाचं तिकीट, लाँच किती वाजता. जगाचे नवरे मी किनाऱ्याला आणते. माझा मात्र समोर बसलाय.

जानेवारीत चढला तेव्हा सगळं ठीक होतं. सेकंड इंजिनिअर, सहा महिन्यांचा करार. मार्चमध्ये अमेरिकेच्या काळ्या यादीत जहाजाचं नाव आलं. पोटात जे तेल आहे ते समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याचं, इराणचं, आणि त्याच्याशी अमेरिकेचं वाकडं. एका रात्रीत विमा गेला, मालकाचा फोन बंद झाला, कुठलंच बंदर आत घेईना. तेल खणलं कुणी, विकलं कुणी, घेणार कोण — यांतला एकही माणूस त्या जहाजावर नाही. जहाजावर आहेत ते भात शिजवणारे आणि नटबोल्ट आवळणारे. चोर सोडून संन्याशाला फाशी!

९ मे, शुक्रवार

तीन दिवस टीव्ही बंदच ठेवलाय. भारत-पाकिस्तान. ड्रोन, विमानं, आरडाओरडा करणारे अँकर. गावाहून वहिनीचा मेसेज — "तुम्ही तिथे सुखात!" हो, फार सुखात.

आमच्या लाँचचा कप्तान फैज पाकिस्तानातल्या ग्वादरकडचा. आज जेट्टीवर भेटला. धनंजयसाठी कांदे, लोणचं आणि औषधं द्यायची होती.

"भाभी, घर पे सब ठीक?"

"ठीक. तुम्हारे यहाँ?"

"ठीक."

पिशवी घेतली आणि गेला. दुपारी परत आला तेव्हा धनंजयने धुतलेला रिकामा डबा घेऊन आला. वर म्हणाला, साहब दुबला हो गया है. सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

१४ मे

गिरिजाचा शाळेचा प्रोजेक्ट. विषय — उगवत्या महासत्ता! अकरा वर्षांच्या पोरीला! तक्त्यावर भारत, चीन, ब्राझील, सौदी, सगळ्यांचे झेंडे चिकटवले. भारताचा सगळ्यांत मोठा. मग म्हणाली, "आई, विच फ्लॅग इज ऑन पप्पाज शिप? आय वॉन्ट टु ड्रॉ इट इन द सी."

काय सांगू? जहाजावर एका बेटाचा झेंडा आहे. ते बेट म्हणतं, हे जहाज आमचं नाही, आम्ही नोंदवलेलंच नाही. नावही आता तेच नाही. आधी 'मॉर्निंग लॉरा' होतं. काळ्या यादीत आल्यावर कुणाचा तरी हुकूम आला आणि पोरांनी दोरीवर लटकून 'मॉर्निंग'वर रंग फासला. आता नुसती 'लॉरा'. धनंजय सांगत होता, रंगही धड पुरला नाही.

"पांढरा काढ," म्हटलं.

"दॅट मीन्स सरेंडर, आई."

२० मे

वकिलातीला मेल. युनियनला मेल. उत्तरं येतात, माणसं वाईट नाहीत. विषय पुढे पाठवला आहे, म्हणतात. पुढे म्हणजे कुठे? पुढे तर समुद्र आहे.

चहाच्या वेळी लिओनार्ड सरांनी खाली मल्याळी कॅफेटेरियात नेलं. साहेब माझे, वसईचे, माणूस दिलदार. पण जगाचं राजकारण टेबलावर मांडून दाखवायची भारी हौस. "संजना, लुक. हा कप म्हणजे आपला शेजारी. त्याच्याकडे ऑइल हाय, विकायचंय. ही बशी म्हणजे चायना. भूक मोठी, स्वस्तात पायजे. हा साखरेचा डबा अमेरिका. तो बोलतो, कोणी घ्यायचं नाय! आपली इंडिया? सगळ्यांशी फ्रेंडशिप. आणि ही कंट्री? सगळ्यांचा चहा इथेच उकळतो, म्हणून कुणालाच नाय दुखवायचं."

"आणि धनंजय कुठे यात?"

त्यांनी टेबलाकडे बघितलं. थोडा चहा सांडला होता. सवयीने टिश्यूने पुसला. मग माझ्याकडे बघितलं. "सॉरी गं," म्हणाले.

२१ मे

वारा बरा. सात मिनिटं बोलणं झालं. एसी बंद, जनरेटर दिवसातून थोडाच वेळ. धनंजय जोक करत होता. तो जोक करायला लागला की मला भीती वाटते.

२८ मे, बुधवार

आज कळलं ते लिहून ठेवते. धनंजय उतरू शकतो!

बंदरवाल्यांचं म्हणणं सरळ आहे. जहाज रिकामं सोडता येत नाही. नांगर सुटला, आग लागली तर इंजिन चालवणारा माणूस हवा. त्यामुळे इंजिनिअर उतरायचा असेल तर त्याच्या जागी इंजिनिअर चढला पाहिजे. माणसाच्या बदल्यात माणूस. माझ्या डेस्कवरचा रोजचाच नियम. हजार वेळा मीच लोकांना समजावलाय.

लिओनार्ड सर म्हणाले, "रिलीव्हर आण, बाकी परमिशन मी बघतो. पण कोण येणार त्या शिपवर? नाव बघितलं की पळतात."

नाव बदललंय, असं मी म्हणाले नाही. त्यांनाही ते माहीतच होतं.

७ जून, शनिवार

ईदची सुट्टी. गिरिजाला घेऊन बसने शारजाला, रोल्लाला. वटपौर्णिमा तीन दिवसांवर. इथे खरा वड कुठून आणायचा! रोल्ला म्हणजे म्हणे वडच. पूर्वी चौकात मोठा वड होता, आता नुसतं नाव उरलंय आणि मोबाइलची दुकानं. एका गुजराती दुकानात वडाच्या चित्राचा कागद मिळाला. पंचवीस दिरहॅम. म्हणजे पावणेसहाशे रुपये! कागदाचे! घेतला.

गिरिजा म्हणे, "यू कॅन प्रिंट इट, आई." सगळं प्रिंट होत नाही बाई.

१० जून, मंगळवार

उपास. ऑफिसला जायच्या आधी कागद गॅलरीच्या काचेवर चिकटवला, त्याच्यापुढे आंबा ठेवला, सूत कागदाभोवती गुंडाळलं. काचेतून मागे जहाज दिसत होतं. सात जन्म नकोत, म्हटलं. हा एक जन्म किनाऱ्याला लागू दे, बस.

दुपारी मेसेज आला! आपल्याकडच्या जहाजी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी गेल्या आठवड्यात टाकलं होतं — सेकंड इंजिनिअर हवा, टँकर, फुजैरा जॉइनिंग, लगेच. बाकी काही लिहिलं नव्हतं. उत्तर गुहागरच्या पोराचं. रोशन नाव. परीक्षा पास, लायसन्स हातात, वर्षभर घरी बसलाय. नवीन इंजिनिअरला कुणी विचारत नाही. लग्न झालंय.

रात्री फोन केला त्याने. आवाज कोवळा. सगळं नीट विचारलं. मग म्हणाला, "ताई, रागावू नका, पण हल्ली फसवतात म्हणून विचारतो. कंपनी कशी आहे?"

मी म्हणाले, "माझा नवरा त्याच जहाजावर आहे."

"मग प्रश्नच मिटला!" म्हणाला आणि हसला. मागून त्याच्या बायकोचा आवाज — "विचारलंत ना? झालं ना समाधान?"

एक अक्षर खोटं बोलले नाही. उपास सोडला.

११ जून

सांगावं का त्याला?

आधी त्याचा व्हिसा होऊ दे. मग सांगेन.

१३ जून, शुक्रवार

युद्ध! पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला. ऑफिसात सगळे फोन एकदम वाजायला लागले. मालक विचारतात, जहाज हलवू का. बायका विचारतात, आमचा माणूस कुठे आहे. मी सगळ्यांना तेच सांगते — सेफ आहेत, इन्शाल्ला. इतक्या वेळा म्हटलं की त्या शब्दात काही उरलं नाही.

आपली उगवती महासत्ता म्हणाली, दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा. उंटावरून शेळ्या हाकायला इथे तर उंटही खरे आहेत.

१५ जून

मोबाइलवरच्या जहाजांच्या नकाशाला वेड लागलंय. कुणीतरी सिग्नल बिघडवतंय, त्यामुळे जहाजं भलतीकडेच दिसतात. विमानतळावर, डोंगरात. आमची लॉरा आज वाळवंटाच्या मधोमध उभी होती! गिरिजा हसली. मग गॅलरीत गेली, खरं जहाज जागेवर आहे ना बघून आली आणि अभ्यासाला बसली. तीही बघते म्हणजे. मला वाटायचं, मी एकटीच.

१७ जून

बाहेर समुद्रात दोन टँकर एकमेकांवर आपटले, आग लागली. आपलं नाही. आपलं नाही हे कळल्यावर मी पर्समधलं चॉकलेट खाल्लं. दुसऱ्याच्या आगीवर! काय झालंय मला?

धनंजयचा फोन, तुटक. "येतोय का कुणी?" एवढंच नीट ऐकू आलं. हो म्हटलं.

१९ जून, गुरुवार

रोशन आला. मला वाटलं होतं युद्धामुळे त्याचे घरचे अडवतील. खरं सांगायचं तर थोडं वाटत होतं, अडवावं. पण विमान उशिरा का होईना, आलं.

उंच, काटकुळा. चेहऱ्यावर सगळं दिसतं असा मुलगा. ऑफिसात सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला मला. वैभवीने, त्याच्या बायकोने, आंबापोळी आणि कुळथाचं पीठ पाठवलंय. "ताईंना द्या म्हणाली. तुमच्या भरवशावर आलोय म्हणाली."

लिओनार्ड सर उठून आत गेले. दार लावून घेतलं.

२० जून

रोशनला जेवायला बोलावलं. सुरमईचं कालवण, सोलकढी. पोरगा दोनदा भात घेऊन जेवला. मग गॅलरीत उभा राहिला. "यातलं आपलं कुठलं, ताई?"

मी बोट दाखवलं. त्याने पुढे वाकून बघितलं. "गंजलंय जरा," म्हणाला. "चालायचं. इंजिन बरं असलं म्हणजे झालं."

तेव्हा सांगायचं होतं. शब्द तोंडात होते. रोशन, त्या जहाजावर जो चढतो तो उतरत नाही, मार्चपासून पगार नाही, पाणी मोजून मिळतं, तू घरी जा. इतकंच! एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"अजून सोलकढी घे," म्हटलं.

तो गेल्यावर गिरिजा म्हणाली, "आई, डज ही नो?"

"भांडी उचल," म्हटलं मी. उचलली तिने. पण मराठी कळत नाही अशी पोरगी नाही ती.

२१ जून, शनिवार

धनंजय आला.

फैजच्या लाँचने रोशन सकाळी गेला आणि तीच लाँच दुपारी धनंजयला घेऊन आली. जेट्टीवर मी आणि गिरिजा. दाढी छातीपर्यंत. कपडे कुणा दुसऱ्याचे वाटावेत असे. गिरिजा आधी दोन पावलं मागे सरली, मग धावली.

फैज लांब उभा राहून दोरी गुंडाळत होता. माझ्याकडे बघितलं नाही. रोज बघतो.

घरी येऊन धनंजय शॉवरखाली कितीतरी वेळ उभा राहिला. मी बाहेरून पाण्याचा आवाज ऐकत बसले. किती दिवस ज्याच्यासाठी जीव टांगला होता तो आवाज. आनंद झाला, खोटं का सांगू. खूप झाला. मग रडू आलं, पण ते सगळं आनंदाचं नव्हतं.

२२ जून

अमेरिकाही उतरली. इराणवर बॉम्ब.

धनंजय बातम्या बघत नाही. जमिनीवर चटई टाकून झोपतो, पलंग नको म्हणतो. मी चहा देताना विचारलं, "रोशन काय म्हणाला रे?"

"हँडओव्हर घेतला. हुशार आहे. जनरेटर बघून कळलं त्याला."

"मग?"

"मला विचारलं, सर, तुम्ही सुट्टीवरून परत कधी येणार? मी म्हटलं तीन महिन्यांनी."

मग त्याने उठून गॅलरीचा पडदा ओढला.

२४ जून

काल रात्री काही तास आकाशच बंद. विमानं परत फिरली. आज युद्धविराम म्हणे. बारा दिवसांत सगळ्यांचं म्हणणं जिंकून झालं. तेलाचा भाव उतरला, बाजार वर गेला. लिओनार्ड सर पेपर बघून म्हणाले, "खलास. फिनिश्ड." समोर जहाज होतं तिथेच आहे.

२८ जून

वैभवीचा फोन. पहिल्यांदाच बोललो आम्ही दोघी. मंजुळ आवाज, आणि घाबरलेला. रोशनचा फोन लागत नाही म्हणे.

तिला जहाज कसं फिरतं, रेंज कधी येते, सगळं समजावलं. अगदी नीट, अनुभवाने.

"ताई, हे म्हणत होते तुमच्या गॅलरीतून जहाज दिसतं. खरंच?"

"हो गं. समोरच आहे."

"मग मला कधी कधी सांगाल? नुसतं आहे म्हणून. त्यावर मी झोपेन."

फोन ठेवल्यावर मी पडदा बाजूला केला. वटपौर्णिमेचा कागद अजून काचेवरच होता. सूत तसंच, रंग उडालेला. काढला नाही मी. आता तो कुणासाठी आहे, कुणास ठाऊक.

६ जुलै

आता रोज सकाळी बघते आणि वैभवीला मेसेज करते — आहे. ती हात जोडल्याचं चित्र पाठवते. रोशनही एकदा बोलला तिच्याशी, वारा बरा होता त्या दिवशी. "ताईंना दोष देऊ नकोस," म्हणाला म्हणे. म्हणजे त्याला कळलंय. तिला नाही. ती मला विचारते, कसला दोष हो ताई?

धनंजयला मळमळतं. जमीन हलते म्हणतो.

१३ जुलै

रोशनसाठी रिलीव्हर शोधते आहे. ग्रुपवर परत टाकलं. या वेळी सगळं खरं लिहिलं — यादी, झेंडा, पगार, पाणी, सगळं. कुणाचाच होकार नाही. एकाने ग्रुपवरच विचारलं, "मॅडम, गेल्या खेपेला का नाही लिहिलंत?"

धनंजयला दाखवलं. त्याने वाचलं, फोन परत दिला. "मी जाऊ का परत?" म्हणाला. नको म्हणायला हवं होतं का हो म्हणायला हवं होतं, तेच कळेना. तोही उत्तराची वाट न बघता आत गेला.

१७ जुलै

लिओनार्ड सरांनी आत बोलावलं. लॉराला म्हणे नवीन मालक मिळालाय. कोण, माहीत नाही. पूर्वेकडे कुणाला तरी ते तेल हवंच आहे, युद्ध झालं काय, नाही झालं काय. "अशी शिप पोर्टला सांगून नाय जात, संजना. ट्रॅकर बंद करते, नवीन नाव लावते, भर समुद्रात दुसऱ्या शिपमध्ये ऑइल ओतते. मग कुठे गेली, देवाला ठाऊक."

"आणि माणसं?"

या वेळी त्यांनी टेबलाकडे बघितलं नाही. "प्रे कर," म्हणाले.

१९ जुलै, शनिवार

आहे. वैभवीला कळवलं. तिने हात जोडले.

२० जुलै, रविवार

सकाळी दोन टाक्यांच्या मधे नुसतं पाणी. वरच्या मजल्यावर जाऊन बघितलं, गच्चीवर जाऊन बघितलं. फैजला फोन केला. "रात को निकल गया, भाभी. बत्ती बुझा के."

मेसेज गेला नाही म्हणून वैभवीनेच फोन केला. "ताई, आज काही लिहिलं नाहीत? दिसतंय ना जहाज?"

धनंजय दारात उभा होता.

"दिसतंय," म्हटलं मी.